अमेरिकेतलं कॉलेज गोल्फ: पाचातला एक होण्याची चार वर्षं

वाऱ्यातला_चेंडू

नमस्कार मंडळी,

गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्या-नाशकातून मला वरचेवर एकच प्रश्न येतो. पोरगं गोल्फ बरं खेळतं, त्याच्या जोरावर अमेरिकेत शिकायला जाता येईल का? प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहितो.

मी २०१४ ते २०१८ मिडवेस्टमधल्या एका कॉलेजात खेळलो, एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात. पुढे व्यावसायिक खेळाडू झालो नाही. आज कॅन्सस सिटीत इंजिनिअर आहे आणि शनिवारी पहाटे अजून खेळतो. वडील लष्करात होते, म्हणून लहानपणी पुण्यात लष्कराच्या कोर्सवर थोड्या पैशांत खेळायला मिळालं. नाहीतर हा खेळ आमच्या घरात आला नसता.

सुरुवातच चुकीची झाली, तेही सांगतो, कारण आजही लोक तिथेच फसतात. अकरावीत असताना एका सल्लागाराला आम्ही बरीच मोठी रक्कम दिली. त्याने दोनेकशे कोचना एकच मेल पाठवली. त्यातल्या एका कोचने मला उलट लिहिलं, "तू ज्यांना 'प्रिय कोच' म्हणून पत्र लिहिलं आहेस ते दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या कॉलेजात आहेत." वडिलांनी ते वाचलं आणि काही न बोलता अंगणात जाऊन उभे राहिले. त्या रात्री मी वही घेतली. साठ कॉलेजं निवडली, प्रत्येकाच्या संघातल्या पाचव्या-सहाव्या मुलाचे स्कोअर उतरवून काढले आणि जिथे माझे आकडे त्यांच्या जवळपास होते तिथेच लिहिलं. अकरा उत्तरं आली. दोघांनी शिष्यवृत्तीबद्दल विचारलं.

आता 'पाचव्या-सहाव्या' का, तर सगळं गणित तिथेच आहे. कॉलेज गोल्फमध्ये संघातून पाच जण उतरतात आणि प्रत्येक राउंडला (अठरा होलच्या फेरीला) चांगले, म्हणजे कमी फटक्यांचे, चार स्कोअर धरले जातात. पाचवा टाकून देतात. संघात मात्र नऊ-दहा मुलं असतात. म्हणजे प्रत्येक स्पर्धेआधी आपल्याच खोलीतल्या, आपल्याच टेबलावर जेवणाऱ्या मित्रांविरुद्ध क्वालिफाइंग खेळायचं. कधी तीन राउंड, कधी पाच. जो पाचात बसेल तो व्हॅनमध्ये बसेल, बाकीचे कॉलेजात थांबून प्रॅक्टिस करतील. पहिल्या वर्षी मी पाच स्पर्धा घरी बसलो. पाचव्या वेळी एका स्ट्रोकने हुकलो. शेवटच्या होलवर तीन फुटांचा पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका), आणि एप्रिलमधला तो प्रेअरीवरचा वारा. वाऱ्याने मीच हलत होतो. पट उजवीकडून निसटला. ज्या मुलाला माझी जागा मिळाली तोच मला त्या रात्री जेवायला बाहेर घेऊन गेला.

माझी पहिली स्पर्धा दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात झाली. कॉलेजच्या बहुतेक स्पर्धा चोपन्न होलच्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी छत्तीस होल खेळायचे असतात. कॅडी नाही. बॅग स्वतःच्या खांद्यावर किंवा ढकलायच्या ट्रॉलीवर. पहाट अंधारी असतानाच वॉर्म-अप, सगळे गट एकदम वेगवेगळ्या होलवरून सुटतात. दोन राउंडच्या मध्ये जेवणाची सुट्टी नाही, कोच चालता चालता हातात सँडविच देतात. तिसाव्या होलपर्यंत टाचेला फोड येऊन फुटला होता. मोज्यात रक्त होतं आणि मला ते संध्याकाळी कळलं. ८१, ७९, ७४. पहिल्या दोन्ही राउंडला माझाच स्कोअर टाकून दिला गेला. तिसऱ्याला धरला. त्या ७४ ने आमचा संघ एक जागा वर सरकला. निकालाच्या फळ्यावर चार आकड्यांत माझा आकडा बघितला, ती गोष्ट मला पुढच्या सगळ्या बर्डींपेक्षा जास्त लक्षात आहे.

आणि अभ्यास. लोक समजतात खेळाडूंना सूट असते. तसं काही नाही. सोमवार-मंगळवारच्या स्पर्धा म्हणजे त्या दोन दिवसांचे वर्ग बुडतात, प्रवास धरला तर रविवारही जातो. थर्मोडायनॅमिक्सची एक परीक्षा मी हॉटेलच्या लॉबीत दिली, कोच समोर घड्याळ लावून बसले होते. दर वर्षी पदवीकडे ठरावीक टक्के वाटचाल झाली नाही तर खेळता येत नाही. डिव्हिजन एकमध्ये दुसरं वर्ष संपताना ४० टक्के, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०. सराव हंगामात आठवड्याला २० तासांवर जाऊ नये असा नियम आहे. पण स्पर्धेचा अख्खा दिवस त्यात फक्त तीन तास धरतात, आणि स्वतःहून घालवलेली संध्याकाळ मोजतच नाहीत.

मला सांगायचं ते हेच. नाव मोठं असलेलं कॉलेज शोधू नका. जिथे मूल दुसऱ्या वर्षीपर्यंत पाचात बसेल ते शोधा. चार वर्षं घरी बसलेला मुलगा आणि चार वर्षं खेळलेला मुलगा, दोघं वेगळी माणसं होऊन परत येतात. मी दोन्ही जवळून पाहिले आहेत.

विचारा, जमेल तसं लिहितो.

---

गंगापूररोड

दादा, वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी दहावीत आहे, नाशकात खेळते. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर स्पर्धांत सरासरी ७८ येते. तिने स्वतः आठ कोचना लिहिलं, एकाचंही उत्तर नाही. ती म्हणते, "आई, मी त्यांच्या लायकीची नाही." तिला काय सांगू? आणि आमच्यासारख्यांना परवडेल का हे?

---

वाऱ्यातला_चेंडू

ताई, तिला आधी हे सांगा: उत्तर आलं नाही म्हणजे नाकारलं असं नाही. डिव्हिजन एकचे कोच मुलीचं दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत तिला भरतीबद्दल लिहूच शकत नाहीत, तसा नियम आहे. तिने लिहिलेलं ते वाचतात, फाइलमध्ये ठेवतात. त्यामुळे मे महिन्यात ताज्या स्कोअरसह पुन्हा एकदा लिहायचं आणि जूनच्या मध्याची वाट बघायची. डिव्हिजन तीन, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं यांना हे बंधन नाही, ती आत्ताही बोलतील.

दुसरं म्हणजे हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) लिहू नका. कोचला फक्त स्पर्धेतले स्कोअर हवे असतात, तेही कोर्सची लांबी आणि पार (कोर्ससाठी ठरलेले फटके) सांगून. ७८ हा आकडा ६,००० यार्डांवर आला असेल तर एक अर्थ, ५,४०० वर आला असेल तर दुसरा. अठरा महिन्यांत तो ७४-७५ कडे सरकत असेल तर कोच त्या उताराकडे बघतात. शेवटच्या सहा महिन्यांचे सगळे आकडे द्या, वाईट आलेलेही. लपवलेला ८५ त्यांना निकालपत्रकात सापडतोच.

मुलींसाठी एक गोष्ट बऱ्यापैकी बरी आहे. डिव्हिजन एकमध्ये वर्षानुवर्षं मुलांच्या संघाला साडेचार शिष्यवृत्त्या होत्या, मुलींच्या संघाला सहा. म्हणजे साडेचार पूर्ण फी नऊ मुलांत वाटायची, कोणाला ऐंशी टक्के, कोणाला पुस्तकांपुरतं. मला निम्मी ट्यूशन मिळत होती. डिव्हिजन दोनमध्ये हे आकडे ३.६ आणि ५.४. मग जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातला एनसीएएचा मोठा समझोता मंजूर केला. ज्या कॉलेजांनी तो स्वीकारला तिथे शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघाची मर्यादा आली, गोल्फला नऊ खेळाडू. ऐकायला छान वाटतं, नवाच्या नवांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण पैसे कॉलेजनेच काढायचे असतात. आणि पूर्वी जिथे दहावा-अकरावा शिकाऊ खेळाडू ठेवत, तिथे आता ती जागा नाही. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दुसऱ्या कॉलेजातली तीन वर्षं खेळलेली मुलं येतात. सतरा वर्षांच्या मुलीची स्पर्धा बावीस वर्षांच्या मुलीशी आहे.

म्हणून खालच्या दारांना कमी लेखू नका. आपले व्यावसायिक गोल्फर जीव मिल्खा सिंग टेक्सासच्या ॲबिलीन ख्रिश्चनमध्ये शिकले, ते तेव्हा डिव्हिजन दोनमध्ये होतं, आणि १९९३ मध्ये त्या विभागाचं वैयक्तिक विजेतेपद त्यांनी जिंकलं. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत) जिंकणारे पहिले भारतीय अर्जुन अटवाल न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कम्युनिटी कॉलेजात होते. व्यावसायिक गोल्फर शिव कपूर पर्ड्यू विद्यापीठात.

कागदपत्रांचं मात्र आजपासून. नववी ते बारावी चारही वर्षांच्या गुणपत्रिका एका फाइलमध्ये लावा. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करावी लागते. ते इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं अशा सोळा कोर विषयांचा हिशेब धरतात. अकरावीला शाखा निवडताना हे डोक्यात असू द्या, नुसते व्यावसायिक विषय घेतले तर सोळा भरताना ओढाताण होते. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं. आणि बारावीनंतर "एक-दोन वर्षं फक्त खेळते" असं करू नका. थांबून स्पर्धा खेळत राहिलं तर खेळायच्या चार वर्षांतलीच कापली जाऊ शकतात.

---

आबा_एडिसन

धागा फार चांगला. मी थोडं वेगळं मांडतो.

आमची धाकटी डिव्हिजन तीनमध्ये खेळते. तिथे खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, नियमच आहे. पण तिला गुणांवर आणि आमच्या उत्पन्नावर मिळून जी मदत मिळाली ती तिच्या मैत्रिणीच्या डिव्हिजन एकच्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त निघाली. परदेशी विद्यार्थ्यांना उत्पन्नावर मदत देणारी कॉलेजं कमी आहेत, हे खरं. पण गुणांवर देणारी बरीच आहेत. शिवाय कोचने प्रवेश कार्यालयात शब्द टाकला तर त्याला वजन असतं. तिच्या स्पर्धा बऱ्याचशा शनिवार-रविवारी असतात, प्रयोगशाळा बुडत नाही.

वाऱ्यातला_चेंडू म्हणतात पाचात बसेल असं कॉलेज शोधा. मी म्हणेन, उद्या मनगट दुखावलं आणि खेळ सुटला तरी मूल ज्या कॉलेजात आनंदाने राहील ते शोधा. आमच्या मोठ्याचं तसं झालं. दुसऱ्या वर्षी पाठीचं ऑपरेशन. खेळ गेला, आणि ज्या गावात तो फक्त गोल्फसाठी गेला होता तिथे त्याला आवडणारं दुसरं काहीच नव्हतं. ते दीड वर्ष आम्ही सगळ्यांनी फार वाईट काढलं.

---

वाऱ्यातला_चेंडू

आबा, हे मी लिहायला हवं होतं. माझं नशीब की शरीराने साथ दिली. दुखापतीचा आणि विम्याचा प्रश्न कोचला पहिल्याच फोनवर विचारावा: खेळता येईनासं झालं तर शिष्यवृत्ती राहते का, आणि ती दर वर्षी नव्याने ठरते की चार वर्षांची आहे? पूर्वी 'लेटर ऑफ इंटेंट' नावाचा कागद असायचा, तो २०२४ मध्ये बंद झाला. आता कॉलेज देतं तो आर्थिक मदतीचा लेखी करार हाच आधार. तोंडी आश्वासन म्हणजे काहीच नाही.

---

चेंबूरकर

मी इथल्या कोर्सच्या भिंतीपलीकडे वाढलो. आमच्या गल्लीतले चार जण आजही कॅडी आहेत. मनापासून विचारतो, रागाने नाही: हा रस्ता फक्त ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी नाही का? आणि एवढं करून किती जण खेळाडू होतात?

---

वाऱ्यातला_चेंडू

चेंबूरकर, या प्रश्नाला मी सरळ उत्तर देणार, कारण तो माझ्या मनात दहा वर्षं आहे.

पुण्यात माझ्यासोबत एक मुलगा खेळायचा. सोमवारी कोर्स बंद असताना कॅडींना खेळू देत, तेव्हा. त्याचा स्विंग माझ्यापेक्षा चांगला होता. तीन जुन्या आयर्न काठ्या, एक पटर, बूट वडिलांचे. सात नंबरचा फटका मारला की चेंडूचा आवाजच वेगळा यायचा, टाळी वाजावी तसा कोरडा. त्याने नववीत शाळा सोडली. मी अमेरिकेला जायला निघालो तेव्हा तो मला म्हणाला, "तिकडे ग्रीन कसं असतं ते सांग." मी सांगितलं: होलभोवतीचं ते छाटलेलं गवत खूप वेगवान, आणि तिकडच्या बेंटग्रास जातीवर आपल्यासारखी गवताची ओढ लागत नाही. पण तो तिथे जाऊ शकत नव्हता, आणि कारण गोल्फ नव्हतं. कारण गुणपत्रिका होती.

आपल्याकडे कॅडींमधून फार मोठे खेळाडू झाले. अली शेर दिल्लीत कॅडी होते, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. व्यावसायिक गोल्फर एस. एस. पी. चौरसियांचे वडील कोलकात्यात कोर्सची देखभाल करायचे. हे दोघे थेट व्यावसायिक झाले, कारण कॉलेजचं दार त्यांना उघडं नव्हतं. अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीला बारावी लागते, इंग्रजी लागतं, व्हिसासाठी उरलेला खर्च भागवण्याची तयारी कागदावर दाखवावी लागते. त्यामुळे तुमचं म्हणणं बरोबर आहे. यात बदल करायचा असेल तर पोरांना किट देण्याआधी दहावी-बारावीची फी द्यायला हवी. मी आणि पुण्यातले दोन मित्र सध्या तीन मुलांची देतो. त्यातला एक यंदा ७६ खेळला आणि दहावीला ७१ टक्के मिळवले. दोन्ही आकडे मी सारख्याच अभिमानाने लिहितोय.

किती जण खेळाडू होतात? थोडे. पण रस्ता परदेशी मुलांना बंद नाही, उलट वरच्या टोकाला तेच जास्त दिसतात. स्वीडनची ॲनिका सोरेनस्टाम ॲरिझोनाकडून १९९१ ला एनसीएए विजेती झाली. जॉन राम २०१२ ला स्पेनहून ॲरिझोना स्टेटमध्ये आला तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. २०२४ चे वैयक्तिक विजेते बघा: मुलांत जॉर्जिया टेकचा हिरोशी ताई, सिंगापूरचा. मुलींत टेक्सास ए अँड एमची अडेला सेर्नुसेक, फ्रान्सची. २०२५ ला मुलींत आर्कान्सॉची मारिया होसे मारिन, कोलंबियाची. आणि आता कॉलेजातून वर जायला सरळ शिडी आहे. पीजीए टूर युनिव्हर्सिटी या कॉलेज खेळाडूंच्या क्रमवारीत पहिला आलेल्याला २०२३ पासून थेट पीजीए टूरचं कार्ड (तिथे खेळायचा हक्क) मिळतं, आणि त्या पहिल्या वर्षी ते टेक्सास टेकच्या लुडविग ओबेर्गने, म्हणजे स्वीडनच्या मुलाने घेतलं.

तरीही माझ्या संघातल्या नऊपैकी आज एकच व्यावसायिक आहे. बाकी आम्ही इंजिनिअर, शिक्षक, एक जण ग्रीनकीपर. त्यातले चार-पाच जण आजही मला आईच्या आजारपणात फोन करतात.

---

हिशेबनीस

मी इथे अमेरिकेत विद्यार्थ्यांचे कर भरून देते, त्यातलं एक सांगून जाते, कारण दर मार्चमध्ये मुलं रडकुंडीला येऊन विचारतात.

शिष्यवृत्तीतला ट्यूशन, फी आणि आवश्यक पुस्तकांचा भाग करमुक्त असतो. राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचा त्या भागावर कॉलेज साधारण १४ टक्के कर कापून घेतं. भारतीय विद्यार्थ्यांना मात्र भारत-अमेरिका करारामुळे प्रमाणित वजावट घेता येते, ती इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. त्यामुळे विवरणपत्र भरलं तर कापलेल्यातले बरेच पैसे परत येऊ शकतात. काही उत्पन्न नसलं तरी ८८४३ हा फॉर्म भरायचाच.

आणि 'नाव-प्रतिमा' विकून खेळाडू पैसे कमावतात असं आजकाल ऐकू येतं. अमेरिकन मुलांचं ठीक आहे. एफ-१ वर असताना इथे राहून जाहिरात केली, दुकानाच्या उद्घाटनाला गेलं, तर ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं. टोपीवर फुकट लोगो लावायच्या आधीसुद्धा कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, पण खेळणाऱ्या मुलाला तेवढा वेळ कुठे असतो.

---

गंगापूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला १५ जूनचं वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण आज सकाळी उठून स्वतःच तिने गेल्या वर्षीच्या सगळ्या स्कोअरकार्डांचे फोटो काढले. ८९ वालाही. आता व्हिडिओ करायचाय. उद्या सहाला रेंजवर जातोय, ट्रायपॉड भाच्याकडून आणलाय. नेमकं काय काय घ्यायचं?

---

वाऱ्यातला_चेंडू

ताई, दोन बाजूंनी घ्या. एकदा तिच्या मागून, कॅमेरा तिच्या हातांच्या उंचीवर आणि लक्ष्याच्या रेषेत. एकदा तिच्या समोरून, छातीच्या पातळीवर. दोन्हीकडून वेज, सात नंबर आणि ड्रायव्हर, प्रत्येकी तीन फटके. मग ग्रीनजवळ एक चिप, एक बंकर, आणि सहा-सात फुटांचे पाच पट सलग, न थांबवता. त्यातले दोन हुकले तरी कापू नका. संगीत नको, स्लो मोशन नको. सुरुवातीला ती स्वतः दहा सेकंद बोलू दे: नाव, बारावी कोणत्या वर्षी होईल, शेवटच्या तीन स्पर्धांचे स्कोअर. मराठी ढंगाचं इंग्रजी असलं तरी चालेल, आवाज तिचा हवा. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत.

सहाला उजेड कमी पडेल. सातपर्यंत तिला नुसते पट मारू द्या, दव वाळलं की सुरू करा.